गल्ल्यावरचा कॉम्प्युटर रोज बंद पडतोय? आधी व्हर्जन बघा, मग पार्ट बदला



दुकानातला कॉम्प्युटर सारखा सारखा क्रॅश होत असेल तर काय करायचं, ते या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पडद्यावर करून बघितलं. पण काही गोष्टी निवांत बसून वाचायच्या असतात, म्हणून हा लेख. कमांड व्हिडिओत आहेत, त्या इथे परत देत नाही. इथे माझं मत आहे आणि त्यामागची कारणं आहेत.

मत आधीच सांगून टाकते. ज्या कॉम्प्युटरवर तुमची बिलं निघतात, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचं डेव्हलपमेंट व्हर्जन असता कामा नये. आणि ते आधीच बसवलेलं असेल, मशीन रोज बंद पडत असेल, तर दुरुस्तीला वेळेची मर्यादा घाला. तीन दिवस नोंद, एक रात्र आणि एक सुट्टीचा दिवस तपासणी, आणि मग निर्णय. महिनाभर अंदाजाने पार्ट बदलत बसणं ही दुरुस्ती नाही, तो खर्च आहे.

डेव्हलपमेंट व्हर्जन म्हणजे नेमकं काय?

विंडोज असो की लिनक्स, प्रत्येक सिस्टीमचे दोन चेहरे असतात. एक लोकांसाठी बाहेर पडलेलं, तपासून झालेलं व्हर्जन. त्याला स्टेबल म्हणतात. दुसरं कारखान्यात अजून चालू असलेलं काम. त्यात रोज नवे बदल येतात, काही चालतात, काही मोडतात, आणि मोडलेलं कळावं म्हणूनच ते लोकांना वापरायला दिलेलं असतं.

ही गोष्ट कोणी लपवत नाही, नावातच सांगून टाकतात. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि मोठी शाखा. तिच्या कायम बदलत्या व्हर्जनचं नाव सिड. ‘टॉय स्टोरी’ सिनेमात शेजारचा एक मुलगा खेळणी मोडत बसतो, त्याचं हे नाव. फेडोराच्या डेव्हलपमेंट व्हर्जनचं नाव रॉहाइड, म्हणजे न कमावलेलं कातडं. आपल्याकडे कोल्हापुरी चप्पल करणारा कारागीर कच्चं कातडं गिऱ्हाइकाच्या पायात घालत नाही, आधी ते कमावतो. मायक्रोसॉफ्टचा विंडोज इनसायडर हा कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. त्यात नाव नोंदवलं की विंडोजचे पुढचे बिल्ड आपल्याला आधी मिळतात. उबुंटूचं नवं व्हर्जन दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं. मधल्या काळात पुढचं व्हर्जन तयार होत असतं आणि तेही कोणालाही डाउनलोड करता येतं.

हे सगळं चांगलंच आहे. कोणीतरी आधी वापरून बघितल्याशिवाय पक्कं व्हर्जन तयार होत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की हे वापरून बघण्याचं काम सकाळी दहा ते रात्री नऊ, गिऱ्हाईक समोर उभं असताना करायचं नाही.

मग ते दुकानात येतं कुठून?

मुद्दाम बसवणारे थोडे असतात. बाकीच्यांकडे ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट म्हणजे घरातला हुशार मुलगा. पुतण्या किंवा भाचा सुट्टीला येतो, “काका, तुमचं फार जुनं आहे, मी लेटेस्ट टाकून देतो” म्हणतो आणि चार दिवसांनी पुण्याला परत जातो. मशीन मात्र आपल्याकडे राहतं.

दुसरी वाट जुन्या मशीनची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. कितीतरी दुकानांमधली मशीन त्यात बसत नाहीत. म्हणून लोक लिनक्सकडे वळले. वळले ते बरंच केलं. पण डाउनलोड करताना सगळ्यात मोठा आकडा बघून तेच उतरवलं, आणि ते नेमकं अजून तयार होत असलेलं व्हर्जन निघालं.

तिसरी वाट एका अक्षराची. उबुंटूत पुढच्या व्हर्जनवर जायच्या कमांडला ‘डी’ हे अक्षर जोडलं की ती थेट डेव्हलपमेंट व्हर्जनवर नेऊ शकते. लाँग टर्म सपोर्ट म्हणजे एलटीएस व्हर्जन वापरणाऱ्यांना पुढच्या एलटीएसची सूचना लगेच येत नाही. त्याची पहिली सुधारित आवृत्ती आली की मगच येते, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. तेवढा धीर नसला की लोक कुठूनतरी बघून ते अक्षर जोडतात. चुकीच्या महिन्यात जोडलं तर दुकान थेट कारखान्यात.

तुमच्याकडे काय आहे ते तपासायला दोन मिनिटं लागतात. विंडोजच्या डेव्हलपमेंट बिल्डमध्ये बऱ्याचदा डेस्कटॉपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘इव्हॅल्युएशन कॉपी’ असं फिकट लिहिलेलं असतं आणि शेजारी बिल्ड नंबर असतो. तसं दिसलं नाही तरी सेटिंगमध्ये अपडेटच्या भागात इनसायडर प्रोग्रामचं पान उघडा, मशीन त्यात नोंदवलेलं आहे का ते कळेल. उबुंटूत व्हर्जनची माहिती मागितली की नावापुढे ‘डेव्हलपमेंट ब्रांच’ असं येतं. डेबियनमध्ये व्हर्जनच्या नावापुढे तिरकी रेघ आणि ‘सिड’ असं दिसलं, तर तुम्ही स्टेबलवर नाही आहात. आज हे करून बघा. दुरुस्तीवाल्याला फोन नंतर करा.

बंद पडण्याची किंमत काढा

बीबीएला आम्हाला डाउनटाइम हा शब्द शिकवला होता. परीक्षेत व्याख्या लिहून मार्क मिळवले. त्याचा खरा अर्थ काउंटरच्या मागे बसल्यावर कळतो, कारण तिथे झेरॉक्सला उभं असलेलं गिऱ्हाईक “राहू द्या ताई, पुढच्या दुकानात बघतो” म्हणतं.

कागद घ्या. समजा मशीन दिवसाला तीनदा बंद पडतं. परत चालू होणं, प्रिंटरने मशीनला ओळखणं, अर्धवट बिल पुन्हा टाकणं, सगळं मिळून प्रत्येक वेळी १५ मिनिटं. म्हणजे दिवसाला ४५ मिनिटं. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेएकोणीस तास. तासाला खर्च जाऊन ३०० रुपये सुटत असतील, तर महिन्याला ५,८५० रुपये गेले. यात परत न आलेलं गिऱ्हाईक धरलेलं नाही. महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्याच्या ११ आणि २० या तारखा धरलेल्या नाहीत. शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभी असलेली मुलं धरलेली नाहीत.

तुमचे आकडे वेगळे असतील. पण ते काढा, कारण दुरुस्तीवर किती वेळ आणि पैसा घालायचा हे त्या आकड्यावर ठरतं. आकडा हातात नसला की माणूस एकतर दुर्लक्ष करतो नाहीतर घाबरून नवीन मशीन घेतो. दोन्हीत पैसा जातो.

तपासणी: अंदाज बंद, नोंद चालू

आता मूळ कामाकडे येऊ. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

पहिलं काम, बॅकअप. जे मशीन वारंवार बंद पडतं, त्याची डिस्क पुढच्या वेळी उघडेलच याची खात्री नाही. बिलं, गिऱ्हाइकांच्या याद्या, डिझाइनच्या फाइल्स, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइल्स उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

दुसरं, वही. पाच रकाने आखा. तारीख आणि वेळ, त्या वेळी काय चालू होतं, नेमकं काय झालं, त्याआधी कोणता अपडेट आला होता, आणि लाइट किंवा उकाड्याची काही गडबड होती का. तीन दिवस लिहा. ‘हँग झाला’ एवढंच लिहू नका. स्वतःहून रीस्टार्ट झाला? निळा पडदा आला? सगळं बंद होऊन लॉगिनचा पडदा आला? की चित्र तसंच गोठून राहिलं? चित्र गोठलं असेल तर कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर सिस्टीमचा गाभा बहुतेक जिवंत आहे, पडद्याचा भाग अडकलाय. दिवाही हलत नसेल तर मामला खोल आहे.

वहीने काय होतं त्याचं एक उदाहरण. माझ्या बॅचमधला एक जण लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो. त्याच्याकडे लिनक्सचं एक बनत असलेलं व्हर्जन होतं आणि मशीन रोज गोठायचं. गावातल्या दुरुस्तीवाल्याने आधी एसएमपीएस बदलला, मग रॅम बदलली. साडेचार हजार गेले, गोठणं थांबलं नाही. मग त्याने वही घातली. तीन दिवसांत सात नोंदी झाल्या. त्यातल्या सहा जेवणाच्या किंवा चहाच्या सुट्टीनंतरच्या होत्या, म्हणजे मशीन झोपेतून उठतानाच्या. हे दिसल्यावर पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. चालू करताना आधीचा कर्नल निवडला आणि गोठणं बंद झालं. एसएमपीएस आणि रॅम दोन्ही पहिल्यापासून ठणठणीत होते. दुरुस्तीवाला लबाड नव्हता. त्याच्या हातात माहितीच नव्हती, म्हणून त्याने जे येतं ते केलं.

तिसरं, मशीनची स्वतःची वही. मशीनही नोंद ठेवतं. लिनक्समध्ये मागच्या वेळचं मशीन बंद पडेपर्यंतचा लॉग बघता येतो. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाचं पान आहे, त्यात तारखेवार लाल फुल्या दिसतात. तुमच्या वहीतली वेळ आणि या नोंदीतली वेळ शेजारी ठेवा आणि लॉगच्या शेवटच्या काही ओळी वाचा. सगळं समजायची गरज नाही, चार गोष्टी ओळखता आल्या तरी पुरे.

‘आउट ऑफ मेमरी’ असं दिसलं, तर रॅम कमी पडतेय किंवा एखादा प्रोग्रॅम ती गिळतोय. ‘आय-ओ एरर’ वारंवार दिसला तर डिस्क किंवा तिची केबल. ‘हार्डवेअर एरर’ किंवा ‘मशीन चेक’ असं दिसलं, तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड यांच्यापैकी कोणीतरी तक्रार करतंय. ग्राफिक्सच्या नावासोबत ‘हँग’ किंवा ‘टाइमआउट’ असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. आणि लॉग बोलता बोलता मध्येच तुटला असेल, शेवटी काहीच तक्रार नसेल, तर आधी वीज आणि उष्णता बघा. यूपीएसची बॅटरी, सैल प्लग, पंख्यात भरलेली धूळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे, पत्र्याच्या गाळ्यात, हे कारण पहिल्या नंबरवर ठेवा.

विंडोजवाल्यांसाठी एक सावधगिरी. ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद बघून अनेक जण वीजपुरवठ्याचा पार्ट बदलतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं. का, ते ती सांगत नाही.

चौथं, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर वेगळं करा. सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे. एका पेन ड्राइव्हवर कोणत्याही चांगल्या लिनक्सचं स्टेबल व्हर्जन घ्या आणि मशीन त्यावरून चालू करा. डिस्कवर काही बसवायचं नाही, नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवायचं. सुट्टीच्या दिवशी चार-पाच तास मशीनला काम द्या. व्हिडिओ चालवा, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडा, झोपवा, उठवा. तिथेही बंद पडलं, तर संशय हार्डवेअरवर. तिथे व्यवस्थित चाललं, तर तुमच्या डिस्कवरच्या सिस्टीमवर संशय जास्त. हा शंभर टक्के पुरावा नाही, कारण या चाचणीत तुमची डिस्क फारशी वापरली जात नाही. म्हणून डिस्कची स्मार्ट तपासणी वेगळी करा. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर लावून जा, विंडोजमध्ये त्यासाठी मेमरी डायग्नोस्टिक आहे. एकही चूक दिसली तर ती रॅम गल्ल्यावर नको.

हार्डवेअर कधी कधी सॉफ्टवेअरचं सोंग घेतं, तेही लक्षात ठेवा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडायचे आणि ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा मेसेज यायचा. लोकांनी गेमला नावं ठेवली, ग्राफिक्स कार्डाला नावं ठेवली. दोष निघाला प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा, आणि त्यासाठी २०२४ च्या ऑगस्टपासून बायोसमधून सुधारणा द्यायला सुरुवात झाली. मेसेजमध्ये ज्याचं नाव आलं तोच गुन्हेगार, असं धरून चालू नका.

पाचवं, एका वेळी एकच बदल. संशय डेव्हलपमेंट व्हर्जनवर आला, तर आधी जुना कर्नल निवडून बघा. उबुंटू-डेबियनमध्ये चालू होतानाच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तो सापडतो. गोठणं कधी सुरू झालं ती तारीख वहीत आहे. त्याच्या आदल्या दिवशी कोणते अपडेट आले ते अपडेटच्या इतिहासात बघा. एक गोष्ट बदलली की एक दिवस थांबा. कर्नल, ड्रायव्हर आणि रॅम एकाच संध्याकाळी बदललंत आणि मशीन सुधारलं, तरी कशाने सुधारलं ते कळणार नाही. पुढच्या महिन्यात तेच झालं तर परत शून्यापासून सुरुवात.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

डेव्हलपमेंट व्हर्जन कोणासाठी असतं, हे दाखवणारी एक खरी घटना सांगते. मार्च २०२४. अँड्रेस फ्रॉइंड नावाचे इंजिनिअर डेबियनच्या सिड व्हर्जनवर आपलं काम करत होते. त्यांना दिसलं की दूरच्या मशीनमध्ये लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण ‘नेट स्लो असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी मोजलं, खणत गेले, आणि २९ मार्चला जगाला सांगितलं की फाइल्स लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साध्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरवाट बसवलीय.

ती चोरवाट ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये होती. डेबियनच्या टेस्टिंग आणि सिडमध्ये ती पोहोचली होती, फेडोराच्या रॉहाइडमध्येही गेली होती. डेबियनच्या स्टेबलमध्ये ती आली नव्हती. उबुंटूने तर आपल्या २४.०४ च्या बीटाची तारीख एक आठवडा पुढे ढकलली आणि पॅकेज नव्याने बांधून घेतली.

यातून मी दोन गोष्टी घेते. एक, पुढच्या व्हर्जनवर जो बसतो त्याच्यावर धोका आधी येतो. स्टेबलवरचा दुकानदार त्या दिवशी निवांत बिलं फाडत होता. दुसरी, हा दोष सापडला तो मोजण्याच्या सवयीमुळे. तुमची पाच रकान्यांची वही ही त्याच सवयीची छोटी आवृत्ती आहे.

“पण ताई, स्टेबलसुद्धा बंद पडतंच की!”

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि तो रास्त आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चा अपडेट लोकांसाठी बाहेर पडला आणि काहींच्या फाइल्सच उडाल्या. मायक्रोसॉफ्टला तो मागे घ्यावा लागला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आपल्या देशातही.

फरक असा आहे. स्टेबलवर मोठा बिघाड झाला की लाखो लोक एकाच वेळी ओरडतात, कंपनीची सगळी माणसं कामाला लागतात आणि उपाय सगळ्यांसाठी एकच असतो. डेव्हलपमेंट व्हर्जनवर तुमचं मशीन, तुमचा प्रिंटर आणि तुमचा आजचा अपडेट हा संगम कदाचित जिल्ह्यात एकट्या तुमच्याकडे असतो. दोष तुम्हालाच शोधायचा, तुम्हालाच कळवायचा, आणि उपाय कधी येईल याची हमी कोणी दिलेली नसते. आणि कळवलेलं प्रत्येक वेळी ऐकलं जातं असंही नाही. २०१८ च्या त्या अपडेटमध्ये फाइल्स जात असल्याच्या काही तक्रारी इनसायडर वापरणाऱ्यांनी आधीच केल्या होत्या, पण त्या गर्दीत राहून गेल्या.

दुसरा प्रश्न येतो, “मग नवीन काही शिकायचंच नाही का?” शिका, जरूर शिका. माळ्यावर पडलेलं जुनं मशीन खाली काढा किंवा चांगल्या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन करा, आणि डेव्हलपमेंट व्हर्जन तिथे चालवा. तिथे क्रॅश झालं तर नीट तक्रार लिहा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि सोबत लॉग. उबुंटूसाठी त्याची जागा लाँचपॅड आहे, विंडोजसाठी फीडबॅक हब. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरची ही परतफेड आहे आणि मी तिला मान देते. आपल्या बॅचमधल्या दोघांना अशाच सवयीमुळे कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम मिळू लागलंय. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरवर आपण नवी रेसिपी करून बघत नाही. घरी चार चकल्या तळून बघतो, तसंच हे.

निर्णय कसा घ्यायचा?

तीन दिवसांची वही, रात्रभराची मेमटेस्ट, सुट्टीच्या दिवशी पेन ड्राइव्हची चाचणी. एवढं झालं की थांबा.

हार्डवेअरचा दोष दिसला तर तोच पार्ट बदला, आणि बदलण्याआधी दुरुस्तीवाल्याला वही आणि लॉगचा फोटो दाखवा. चांगला दुरुस्तीवाला खूश होतो. जो बघायलाही तयार नाही, त्याच्याकडून पार्ट घेऊ नका.

हार्डवेअर ठीक असेल तर स्टेबलवर परत या. इथे एक गैरसमज मोडायला हवा. डेव्हलपमेंट व्हर्जनवरून एक बटण दाबून मागे येता येत नाही. विंडोज इनसायडरच्या पुढच्या बिल्डवरून बाहेर पडायला सहसा विंडोज नव्यानेच टाकावं लागतं. लिनक्सवर पॅकेज एकेक करून मागे नेण्याचा खटाटोप दुकानदाराने करू नये. बॅकअप आहेच, पेन ड्राइव्ह आहेच, नव्याने बसवा. एक अपवाद आहे. उबुंटूचं डेव्हलपमेंट व्हर्जन असेल आणि एप्रिल किंवा ऑक्टोबर तोंडावर आला असेल, तर नियमित अपडेट घेत राहिलं की तेच व्हर्जन पक्कं होतं. दोन-तीन आठवडे जुन्या कर्नलवर काढता येत असतील तर थांबायला हरकत नाही. पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बसवताना एलटीएस घ्या. उबुंटूचं एलटीएस दर दोन वर्षांनी येतं आणि पाच वर्षं त्याला सुरक्षेचे अपडेट मिळतात. २४.०४ घेतलंत तर २०२९ पर्यंत. जुनं दिसतंय म्हणून लाजू नका. तुमच्या गिऱ्हाइकाला बिलावरचा आकडा दिसतो, कर्नलचा नंबर दिसत नाही.

नवीन बसवल्यावर दुकानासाठी तीन नियम भिंतीवर लावा. मोठा अपडेट आठवडी सुट्टीच्या आदल्या रात्रीच करायचा. रिटर्नच्या तारखेच्या आठवड्यात आणि सणाच्या आठवड्यात, तातडीचा सुरक्षा अपडेट सोडला तर कशालाही हात लावायचा नाही. आणि मशीनवर कोणी काहीही बसवलं, मग तो पुतण्या असो की दुरुस्तीवाला, तर काय बसवलं ते त्याने वहीत लिहून सही करायची. तिसऱ्या नियमावर घरात थोडी कुरबुर होईल. होऊ द्या. दुकान तुमचं आहे, आणि मशीन बंद पडलं की गिऱ्हाईक तुमच्याकडे बघतं.

आज रात्री शटर ओढायच्या आधी दोन गोष्टी करा. मशीनवर कोणतं व्हर्जन आहे ते बघा, आणि एक वही काढून पाच रकाने आखा. पुढच्या व्हिडिओत आपण काउंटरसाठी स्टेबल लिनक्स पेन ड्राइव्हवर कसं घ्यायचं आणि थर्मल प्रिंटर त्याला कसा जोडायचा ते सुरुवातीपासून बघू. तोपर्यंत तुमची वही भरलेली असेल, म्हणजे प्रश्नही नेमके विचारता येतील.

भेटू पुढच्या भागात. धंदा सांभाळा, बॅकअप घ्या.